एका अक्षराची चूक

१ मार्च

चिरंजीव शहाण्यास,

आशीर्वाद मागाहून. आधी सांग, ओळ चारशे अकरा आणि ओळ चारशे बारा कुणी लिहिली?

अंतिम तपासणीसाठी संवादांची यादी काल माझ्याकडे आली. अठरा हजार ओळी. राणीपासून कचरा उचलणाऱ्यापर्यंत आपल्या गेममधलं जे कोणी तोंड उघडतं, ते माझ्या शब्दांत उघडतं. तीन वर्षं त्या खिडकीशेजारच्या टेबलावर बसून, खालच्या गादीवाल्याचा कापूस नाकातोंडात घेत मी ते लिहिलंय. माझी ओळ मला गर्दीत पाठमोरी ओळखू येते. आणि पहिल्याच प्रसंगात, माझ्या नाकासमोर, या दोन परक्या बाया येऊन बसल्या आहेत:

भाऊ: ताई, येतेस ना?
चावीवाल्याची लेक: येते.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला तर उलट अंगठ्याचं चित्र पाठवतोस. म्हणून कागद काढला. कुरिअरने पाठवते आहे, तिथे सही करावी लागते, म्हणजे नंतर 'मिळालंच नाही' म्हणायची सोय नाही.

तुला प्रसंग आठवत नसेल तर सांगते, कारण तुला हल्ली सोयीचं विसरायला होतं. चेटकिणीने एका दिवसात राज्यातली सगळी दारं बंद करून टाकली आहेत. ती उघडण्याची कला एकट्या म्हाताऱ्या चावीवाल्याला येते आणि तो खाटेवर पडलाय. मग त्याची लेक त्याचा जुडगा उचलते आणि निघते. धाकट्या भावाला तिने औषध आणायला पाठवलेलं आहे. घरात तो नाहीच. पडद्यावर तीन पर्याय येतात: 'जाते', 'निघते', 'वेळ झाली'. खेळणारा कुठलाही दाबो, ती जाते. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत पंचवीस पावलं. त्या पंचवीस पावलांत कॅमेरा समोरच राहतो, मागे वळत नाही. फाटक ओलांडलं की मग सगळं राज्य मोकळं. कुठेही जा, कुणाशीही लढा, शेळ्या पाळा, मला काही देणंघेणं नाही.

या पंचवीस पावलांवरून आपण दोन वर्षं भांडलोय. तू म्हणायचास, "ताई, तीन पर्याय आणि तिन्हींचा अर्थ एकच, ही फसवणूक आहे." मी म्हणायचे, फसवणूक नाही, गोष्ट आहे. तू म्हणायचास, "निदान मान तरी वळू दे. मान त्याची आहे, खेळणाऱ्याची." मी म्हणायचे, मान त्याची असेल, पण मुलगी माझी आहे. शेवटी सगळ्या आठ जणांसमोर ठरलं की पहिला प्रसंग ताई म्हणेल तसा. तू मान डोलावलीस. तेव्हा तर तुझी मान छान हलत होती!

आणि आता मी दोन आठवडे घरी बसून तपासणी करणार हे बघून, चोरपावलांनी, मुलाला घरात आणून बसवलंस. तो आतून हाक मारतो, येतेस ना? आणि ही बया पिशवी खाली ठेवून म्हणते, येते! संपलं की रे! आत गेली. बसली. चेटकीण राहिली बाजूला, राज्य राहिलं कुलूपबंद.

तुला कळतंय का तू काय केलंस? हिला थांबता येत नाही म्हणून ती जाते. तेवढ्याच एका कारणासाठी खेळणाऱ्याला ती पुढचे साठ तास आवडते. उद्या तिला थांबता येत होतं असं निघालं, तर मग ती कोण? खाटेवरचा बाप आणि अर्धवट वयाचा भाऊ टाकून भटकायला गेलेली मुलगी. अठरा हजार ओळी मी अशा मुलीसाठी लिहिलेल्या नाहीत.

अठ्ठावीस तारखेला गेम बाहेर पडतोय. पंधरापर्यंत त्या दोन ओळी निघाल्या पाहिजेत. नाहीतर माझ्या सगळ्या ओळी मी परत घेते, मग तुझी माणसं बसू देत एकमेकांकडे बघत. धमकी आहे का? हो, धमकीच आहे. तोवर मी ऑफिसला पाय ठेवणार नाही.

ताई


६ मार्च

श्रीयुत मुख्य रचनाकार यांस,

आपला कृपाप्रसाद मिळाला. कपाटावर चिकटवायची पिवळी चिठ्ठी, तीही कोपऱ्यावर चहाचा डाग असलेली. चार पानांच्या पत्राला उत्तर दोन वाक्यांचं: "ताई, आधी खेळून बघ. चूक एका अक्षराची आहे."

एका अक्षराची!

तू, ज्याने बारावीपर्यंत 'आशीर्वाद' कधी धड लिहिला नाही, तो मला शुद्धलेखन शिकवणार? तुझ्या निबंधांतल्या वेलांट्या दुरुस्त करता करता माझी दहावी गेली. तरी म्हटलं, असेल, माणूस आहे, चुकते. दोन दिवस बसले. अठरा हजार ओळी पुन्हा वाचल्या, डोळ्यांची पार वाट लागली. एकच सापडलं: ओळ नऊ हजार तीनशे चार, 'कुलुप'. तो म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा उच्चार आहे, मुद्दाम ठेवलेला, आणि तो तुलाच सगळ्यात जास्त आवडला होता. बाकी एक काना इकडचा तिकडे नाही. तेव्हा तुझी ती एका अक्षराची चूक कुठली ते लेखी कळव, नाहीतर शब्द मागे घे.

आणि 'आधी खेळून बघ' काय? मी लिहिलंय ते. ज्याने घर बांधलं त्याला घर बघून ये म्हणतोस?

आता तुझ्या त्या स्वातंत्र्याबद्दल. मी विरोधात आहे असं तू ऑफिसभर सांगत फिरतोस. साफ खोटं. गावातल्या सगळ्या शेळ्या एकेक करून राजवाड्याच्या गच्चीवर नेऊन ठेवणारा तो गृहस्थ आठवतो? चाचणीसाठी आलेला? नऊ तास! चेटकीण वाट बघतेय आणि हा शेळ्या चढवतोय. सगळे म्हणाले, जिना बंद करा. मीच म्हणाले होते, राहू दे, बिचाऱ्याला कुठेतरी यश मिळू दे. आणि वर राणीसाठी ओळही लिहून दिली: "गच्चीवर कोण बेंबटतंय?" हे विसरलास? मी कुणाच्या हौसेच्या आड येत नाही. पण हौस वेगळी आणि गोष्टीचा कणा वेगळा. कणा सगळ्यांनी मिळून वाकवायचा नसतो.

तू म्हणशील की खेळणाऱ्याला कुठल्याही प्रसंगी विचारलं पाहिजे, तुला काय करायचंय. अरे, आयुष्यात विचारतं का कोणी? असं उंबऱ्यावर उभं राहिलं की हवेत तीन पर्याय उजळतात का? एकच रस्ता असतो आणि त्याच्यावरून चालावं लागतं. हे मी लिहिलं त्यात काय चुकलं?

आणि हो, शंका परवा फोनवर हळूच म्हणाली की ऑफिसात सगळ्यांना वाटतं, हा प्रसंग आपल्या घरावरून घेतलाय. (ती चाचणीवाली पोरगी फोन ठेवतानाही विचारते, "ठेवू ना नक्की?") मी तिला सांगितलं, तुलाही सांगते: नाही. बाबा चावीवाले होते, एवढंच सारखं आहे. बाबांची उजवी बाजू गेली होती, हेही सारखं आहे, पण म्हाताऱ्याला काहीतरी आजार द्यायचाच होता ना. मी बावीस वर्षांची होते, नोकरीचं पत्र आलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. सोमवारी! शुक्रवारी पत्र आलं होतं. एवढ्या वेळात कुणाला विचारणार, काय ठरवणार? मला पर्यायच नव्हता. मी गेले म्हणून पुढे दोन माणसांची नीट सोय झाली, हे तू सोडून सगळ्यांना माहीत आहे. औषध संपलं होतं म्हणून तुला दुकानात पाठवलं. गाडीची वेळ झाली म्हणून तू यायच्या आत निघाले. बस. यात प्रसंग कसला?

तेव्हा ओळी काढ. नऊ दिवस उरले.

ताई


७ मार्च

कालच्या पत्रात राहून गेलं म्हणून.

औषध संपलेलंच होतं. तळाशी चमचाभर होतं, तेवढ्याने बाबांची रात्र निघाली नसती. तू काही वेगळं ऐकलं असशील शेजारच्या काकूंकडून, तर त्यांना दुसरं काम नव्हतं.

आणि चिठ्ठी ठेवली होती मी, घड्याळाखाली. न सांगता गेले असं कुणी म्हणू नये.

उत्तराची घाई नाही. ओळींची आहे.


१३ मार्च

ए ठोंब्या,

मी इतकी चिडले आहे की पेन कागद फाडतंय. नीट बस आणि वाच. मधेच उठून चहा करायला गेलास तर याद राख.

रविवारी दुपारी शंका आली. खांद्यावर ती तिची बोचक्यासारखी पिशवी, त्यात संगणक. "ताई, एक विचारू? तुम्ही आपला गेम कधी खेळलाच नाही ना?" मी म्हटलं, असं कसं? म्हणाली, "नाही, सगळ्यांच्या नावावर तास दिसतात. तुमच्या नावावर शून्य." मी म्हटलं, मी दुसऱ्यांना खेळताना बघते. म्हणाली, "पहिला प्रसंग आला की तुम्ही उठून पाणी प्यायला जाता." ही पोरगी एक दिवस मार खाणार आहे माझ्या हातचा.

बसवलं तिने. हातात तो कंट्रोलर दिला. पहिली पाच मिनिटं माझी नायिका भिंतीत डोकं खुपसून उभी होती, शंका हसू दाबत होती. मग जरा जमलं. खोली पाहिली. चित्रकाराने खाट खिडकीशी ठेवली आहे, चादरीखाली उजवा हात. मी हे असं लिहिलं नव्हतं, मी फक्त 'म्हातारा, आजारी' लिहिलं होतं. हा हात तू सांगितलास ना त्याला? बरं. ते नंतर.

पर्याय आले. मी 'निघते' दाबलं. माझ्या मते तो तिन्हींत सभ्य आहे. ती निघाली. मी पावलं मोजत होते, आपली पंचवीस. आणि नवव्या की दहाव्या पावलाला माझा अंगठा घसरला. घसरला, हे लिहून ठेव. मी वळले नाही, अंगठा घसरला. आणि कॅमेरा गर्रकन मागे फिरला.

तू कुलूप काढलंस. दोन वर्षं भांडून, आठ माणसांसमोर ठरवून घातलेलं ते कुलूप, मला न सांगता काढलंस! मी ओरडणारच होते. तोंड उघडलंच होतं.

पाण्याच्या पिंपापाशी, भिंतीच्या कोपऱ्यावर मुलगा उभा होता. घरात नाही. बाहेर. एका हातात औषधाची बाटली आणि दुसऱ्या हातात एक चप्पल. एकच. अंगठा तुटलेली.

त्या आठवड्यात तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी शिवून देते म्हणाले होते आणि राहून गेलं. हे जगात फक्त आपल्या दोघांना माहीत आहे, आणि मी तर विसरलेही होते.

शंका म्हणाली, "जाऊन बघा ना जवळ." मी नेलं तिला. मुलाने वर बघितलं. चारशे अकरा: ताई, येतेस ना? ही उभी बाहेर, पाठीवर पिशवी, तोंड रस्त्याकडे. तोही बाहेर. आत बोलवायला तिथे आतमध्ये कुणी नव्हतंच. मी मूर्ख, यादीतल्या दोन ओळी वाचल्या आणि वाटलं, हा तिला घरात ओढतोय. अठरा हजार ओळी लिहिणारी मी, 'येतेस ना' दोन तऱ्हेने म्हणतात हे मला कळू नये? आणि वर सगळ्यांना शिकवत फिरते, ओळ स्वतः बोलली पाहिजे, कंसात सूचना लिहायची वेळ येऊ नये!

मग खाली एकच पर्याय आला. येते. मी दाबला. ती वळली, राहिलेली पावलं चालली आणि फाटकाबाहेर गेली. माझी गोष्ट जिथे जात होती तिथेच गेली. एक काना हलवला नाहीस तू.

आता शंकाचं पुढचं. म्हणाली, "ताई, न वळता गेलं तर काय होतं, दाखवू?" तिने कसलीशी चाचणीवाल्यांची कळ दाबली आणि कॅमेरा तिथेच मागे ठेवला. मुलगी गेली. मुलगा तसाच उभा राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत. मग आत आला. फळीवर हातातली बाटली ठेवली. तिथे एक बाटली आधीच होती, भरलेली. दोन भरलेल्या बाटल्या शेजारीशेजारी. मग उंबऱ्यावर बसून दगडाने चपलेचा अंगठा ठोकायला लागला. शंका म्हणाली, "हे कुणाला दिसतच नाही हो. खेळणारा तोवर बाहेर पडलेला असतो. तरी दादांनी केलंय. मी चूक म्हणून नोंदवलं होतं." आणि तिने नोंद काढून दाखवली. तिचं लिहिणं ठाऊक आहेच तुला: 'फळीवर औषध आधीपासून भरलेलं दिसते. मग भावाला औषध आणायला का पाठवले? चूक असावी.' खाली तुझा शेरा: 'चूक नाही. तसंच ठेवा.'

मी शंकाला म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, "रागावलात?" मी म्हटलं, हो, पण तुझ्यावर नाही, जा.

भरलेली होती बाटली. आदल्या दिवशीच मी आणली होती. सहा तारखेचं आणि सात तारखेचं पत्र फाडून टाक, खोटं आहे दोन्ही. तुला घराबाहेर काढायचं होतं म्हणून पाठवलं. तू दारात असतास तर माझ्याच्याने निघणं झालं नसतं. नोकरी तशीही सोमवारची नव्हती. पंधरा दिवसांची मुदत होती. पंधरा दिवस तुझ्याकडे बघत मला राहवलं नसतं, म्हणून लगेच गेले. झालं? ऐकलंस? हेच हवं होतं ना?

पण आता तू सांग. तू तिथे होतास! धावत परतलास की दुकानात गर्दी नव्हती, कोण जाणे, पण होतास. पंधरा पावलांवर. सोळा वर्षांचा घोडा, घसा शाबूत, आणि तोंडातून एक शब्द काढता आला नाही? ताई! एवढंच म्हणायचं होतंस. दोन अक्षरं. बाबांसाठी अख्खी गल्ली डोक्यावर घेणारा तू, मी जाताना मुका झालास? बावीस वर्षं! शेजारच्या टेबलावर बसून, माझ्या डब्यातलं खाऊन, माझ्याकडून वेलांट्या सुधारून घेऊन, बावीस वर्षं गिळून बसलास? मी सगळ्यांना 'मला पर्यायच नव्हता' सांगायचे तेव्हा तू समोर बसून मान खाली घालून भाजी चिवडायचास. मला वाटायचं, याला पटलंय.

मी चार वेळा खेळले ते शंका गेल्यावर. चौथ्यांदा कळलं. तू हाक मारली असतीस तर मी थांबले असते. आणि ते तुला माहीत होतं. पर्याय होता की रे. तुझ्याकडे होता. आणि तू तो वापरला नाहीस, सोळाव्या वर्षी, एक चप्पल हातात घेऊन. पुढे चार वर्षं बाबांना उचलणं, बसवणं, दुकान सांभाळणं, कॉलेज सोडणं, सगळं त्या एका न मारलेल्या हाकेमागून आलं. आणि मी आठ महिन्यांनी पहिल्यांदा आले तेव्हा दार उघडून तू "आलीस?" एवढंच म्हणालास. मला ते लागलं होतं. मी मैत्रिणींना सांगत सुटले होते, भाऊ किती कोरडा आहे बघा.

कुणी सांगितलं होतं तुला एवढा मोठेपणा करायला? विचारायचं तरी मला! माझ्या जाण्याची परवानगी परस्पर देऊन मोकळा झालास आणि मला पत्ताही नाही. याला स्वातंत्र्य म्हणतात का? मग त्या खेळणाऱ्यांना जे देतोस ते काय?

मी रडत नाहीये. कापूस गेलाय डोळ्यात. माझ्या घरी कापूस नाही हे मला माहीत आहे.

ताई


१८ मार्च

बाळ्या,

पंधरा तारीख उलटून गेली. ओळी परत घेतलेल्या नाहीत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

सोळाला शंकाजवळ निरोप पाठवला होता तो तुला मिळाला, उत्तरही मिळालं. पुन्हा पिवळी चिठ्ठी, या खेपेला डाग दुसऱ्या कोपऱ्यावर. कागद आणायला जड जातं का?

माझी मागणी साधी होती. जे झालं ते उत्तम झालंय, ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. तेव्हा दहाव्या पावलाला कॅमेरा आपोआप मागे फिरव. सक्तीने. प्रत्येकाला तो मुलगा दिसू दे, प्रत्येकाला ती चप्पल दिसू दे. इतकं जीव तोडून केलंस आणि शंभरातल्या नव्वद लोकांना ते दिसणारच नाही, ते धडाधड फाटकाबाहेर पळून शेळ्यांच्या मागे लागणार! हे कसलं शहाणपण? त्यावर तुझं उत्तर: "नाही ताई. मान त्याची आहे."

बघ म्हणजे. दोन वर्षं मी म्हणत होते, वळू देऊ नकोस, तेव्हा तू ऐकलं नाहीस. आता म्हणते, वळव, तरी ऐकत नाहीस. तुझ्या डोक्यात एकदा काही बसलं की तोफेनेही निघत नाही. बाबांचंच डोकं आहे.

मी शंकाला म्हटलं, तू तरी समजाव. ती म्हणाली, "पण ताई, तुम्हाला सक्तीने दाखवलं असतं तर तुम्ही पाणी प्यायला उठला असता." मी तिला चहा दिला नाही.

मग विचार केला. दोन दिवस केला, तेव्हा कुठे कबूल करते. नको वळवूस. ज्याला वळायचं तो वळेल, ज्याचा अंगठा घसरायचा त्याचा घसरेल. जे जातील त्यांना जाऊ दे, तेही काही वाईट नसतात, पुढे कधीतरी पुन्हा पहिल्यापासून खेळतील. तो मुलगा तिथे उभाच असणार आहे, नाही का? बावीस वर्षांतही हलला नाही तो.

फक्त एक कर. मी गेल्यावर त्याला एकटं चपलेवर ठोकत बसवू नकोस. बाजूला सुईदोरा ठेव. कुणाला दिसणार नाही, ठाऊक आहे. तरी ठेव. मी शिवून देते म्हणाले होते.

सोमवारी दहाला ऑफिसात असेन. माझ्या खुर्चीवर तुझी जाकिटं पडली असतील ती उचल. पहारेकऱ्याच्या दोन ओळी मला बदलायच्या आहेत, आणि तुझ्याशी भांडायचंही बरंच राहिलंय. यापुढे समोरासमोर. पत्र लिहिताना तुझं तोंड दिसत नाही, त्यामुळे भांडणाला रंगत येत नाही.

ती एका अक्षराची चूक मला सापडली. अठरा हजार ओळींत नव्हती. घड्याळाखालच्या चिठ्ठीत होती, शेवटच्या शब्दात. मीच लिहिलेली, म्हणून दुरुस्तीही मीच करते. ही नवी चिठ्ठी घे, जुनी असेल तर फेकून दे:

जेवण झाकून ठेवलंय. येते.

ताई